मला वगळून

गेल्या रविवारी सकाळी पावणेअकराला मी इस्त्रीवाल्या मामांकडून सहा शर्ट आणायला गेलो आणि बाप म्हणून जी काही पत होती ती त्यांच्या टेबलावर ठेवून परत आलो. शर्ट मिळाले.

"ताईंचं कालचं स्टेटस लय भारी होतं, साहेब," मामा म्हणाले. ताई म्हणजे आमची कन्या, वय पंधरा. मी "हो, हो" केलं आणि जरा बाजूला होऊन फोन काढला. कोल्हापूरच्या आत्याचा गणपती होता, एका विमा एजंटचं सुप्रभात होतं, सोसायटीच्या चेअरमनचा स्वतःचाच फोटो होता. कन्या नव्हती.

"मला दिसत नाहीये."

मामांनी इस्त्री उभी केली. "वगळलं असणार तुम्हाला." रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टर काढतात तसा आवाज. "सेटिंग असतंय. 'माझे संपर्क' म्हणायचं आणि नको ती माणसं वगळायची. आमच्या पोरानं मला दोन वर्षं वगळलंय. सवय होते."

म्हणजे युनिफॉर्म झाला का, हे विचारायला कन्येने मामांचा नंबर सेव्ह केला, मामांनी तिचा केला, आणि एवढ्या भांडवलावर तो माणूस तिच्या आयुष्यात माझ्या पुढे जाऊन बसला.

"दाखवा की जरा."

मामांनी हात पुसले, सदऱ्याच्या खिशातून फोन काढला, मी पुढे वाकलो, आणि त्यांनी तो दुसऱ्या खिशात ठेवला.

"नको. ताईंनी विश्वासानं ठेवलंय."

"अहो, मी बाप आहे तिचा!"

"म्हणूनच."

"सिमकार्ड माझ्या नावावर आहे. रिचार्ज मी मारतो!"

"कपडे पण तुमचेच असतात साहेब. खिशात काय काय सापडतं ते मी कधी वहिनींना सांगितलं का?"

यावर मी थोडा वेळ रस्त्यावरची रहदारी पाहिली. मामांनी शर्टावर पाणी शिंपडलं. कॉलर दाबता दाबता म्हणाले, "अकराला जाईल ते. चोवीस तास भरतात. दहा मिनिटं राहिली." मग माझ्याकडे न बघता, "गेल्या साली ताईंच्या वाढदिवसाला तुम्ही फोटो लावलेला. पाटावरचा, तेल चोपडलेला, अंगावर काही नसलेला. तो मी बघितला होता. आमच्या हिनंपण बघितला."

"एक वर्षाची होती हो ती!"

"फोटोत. लावला तेव्हा चौदाची होती."

दहा रुपये नगाप्रमाणे कपडे घेणाऱ्याने असं बोलू नये असं माझं अजूनही मत आहे. तिने तेव्हा "बाबा, काढ तो" म्हटलं होतं हे खरं. मी "अगं, किती गोंडस दिसतेस" म्हणालो होतो हेही खरं. फॅमिली ग्रुपवरही टाकला होता. नाशिकच्या काकांनी तीन नमस्कार पाठवले.

बरं, कायदा माझ्या बाजूने आहे. 2023 साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला त्यात 18 वर्षांखालचं कुणीही बालकच, आणि त्याची माहिती वापरायला कंपनीला आईबापांची संमती लागते. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांनी माझ्या दारात उभं राहायचं, आणि मी इस्त्रीच्या टपरीसमोर. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मीही घरी तसं सुचवलं होतं. "आधी तुझा बंद कर" असं दोन आवाजांत आलं. भोंगा वाजवायला गाव लागतं. आमच्याकडे तीन माणसं, त्यातला मी अल्पमतात.

आमच्या वेळी फोन हॉलमध्ये, क्रोशाच्या रुमालाखाली असायचा आणि कोण काय बोललं ते अख्ख्या घराला कळायचं. लपवायला माझी एक वही होती, कपाटात वर्तमानपत्राखाली. वडिलांनी ती वाचली आणि जेवताना त्यातली एक ओळ म्हणून दाखवली. मी वर्षभर काही लिहिलं नाही. असो, विषय तो नाही.

घरी आलो. अकरा वाजून गेले होते.

"तुला दिसतं तिचं स्टेटस?" मी बायकोला विचारलं.

"दिसतं की."

"काय होतं काल?"

"मला दिसतं, कारण मी सांगत नाही," ती म्हणाली. "तू मैत्रिणींबरोबरच्या फोटोखाली 'अभ्यास झाला का' लिहितोस."

कन्येने तरी काय करायचं? एका बाजूला दहावी, दुसऱ्या बाजूला काळजी करणारा बाप. आणि बापाने काळजी करायची नाही तर कुणी, त्या विमा एजंटने? पैसे भरायचे आपण, चार्जर शोधून द्यायचा आपण, आणि आपल्यालाच बंदी! हे मी मोठ्याने बोललो. आतून दार लागल्याचा आवाज आला.

त्या रात्री मी सूर्यास्ताच्या फोटोवर "वेळ प्रत्येकाची येते" असं लिहून स्टेटस टाकलं. टाकण्याआधी अर्धा तास सेटिंगमध्ये झगडून त्यातून कन्येला वगळलं. मग लक्षात आलं की वगळल्याची सूचना समोरच्याला जात नाही. दोन दिवस वाट पाहिली. तिच्या चेहऱ्यावर काही नाही.

मंगळवारी पँट टाकायला गेलो.

"साहेब, तुमचं स्टेटस बघितलं," मामा आवाज खाली आणून म्हणाले. "फोटो काढून ठेवलाय. ताईंना दाखवू का?"

मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "दाखवा."