मिया मॉटली: भाषणांच्या आधीचा हिशेब

कॅरिबियनमधल्या बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली यांच्यावरचा लेख आवडला, पण त्या जणू २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेतल्या भाषणानेच घडल्या, असा सूर त्यात लागलाय. त्या १९९४ मध्ये खासदार झाल्या, त्याच वर्षी तिशीच्या आत शिक्षणमंत्री. पुढे देशाच्या पहिल्या महिला ॲटर्नी जनरल. आणि २०१० मध्ये स्वपक्षीयांनीच त्यांना विरोधी पक्षनेतेपदावरून खाली खेचलं, हे तर लेखात नाहीच! २०१३ ची निवडणूक पक्ष हरल्यावर ते पद पुन्हा त्यांच्याकडे आलं.

२०१८ ला सत्ता मिळाली तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. आठवडाभरातच परदेशी खासगी कर्जाचे हप्ते थांबवले, नाणेनिधीकडे गेल्या. मला सगळ्यात हुशारीचं वाटतं ते पुढचं: नव्या कर्जरोख्यांत अशी अट घालून घेतली की मोठं चक्रीवादळ किंवा भूकंप झाला तर हप्ते दोन वर्षांपर्यंत पुढे ढकलता येतील. जेमतेम पावणेतीन लाख वस्तीच्या बेटाने सावकारांकडून हे मान्य करून घेतलं. २०२२ चा 'ब्रिजटाउन' प्रस्ताव, म्हणजे हवामान संकट झेलणाऱ्या देशांना सोप्या अटींवर पैसा मिळावा म्हणून जागतिक कर्जव्यवस्था बदलण्याची त्यांची मागणी, याच अनुभवातून आलेला आहे.

कौतुक करताना एक गोष्ट मात्र खटकते. २०१८ आणि २०२२, दोन्ही निवडणुकांत ३० पैकी ३० जागा त्यांच्या पक्षाला. पहिल्या वेळी तर त्यांच्याच पक्षाचे जोसेफ ॲथर्ली बाहेर पडून विरोधी पक्षनेते झाले, तेव्हा कुठे सभागृहात समोर कुणीतरी दिसलं. प्रश्न विचारायचे कुणी? लेखकाने यावर दोन ओळी तरी लिहायला हव्या होत्या.