संरक्षणाचे अहवाल मागणं हा गुन्हा नाही

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव आटोपला आणि ओळखीच्या एका मावशींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. काचेला तडा गेलेला, कडेला खवले चिकटलेले. त्यांचा मुलगा नौदलात आहे. आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरणारा मजकूर असा: 'सैन्याच्या कारभारावरचा अहवाल जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. माहितीचा अधिकार सैन्याला लागू नाही. एक ओळ गुप्त असली की अख्खा अहवाल गुप्त. मागणारे देशद्रोही.' मावशी घाबरून विचारत होत्या, "आम्ही काय विचारायचंच नाय?"

विचारायचं, मावशी.

बंदी तर नाहीच, उलट सक्ती आहे. केंद्राच्या हिशेबावरचे कॅगचे, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेच्या दोन्ही सभागृहांत मांडलेच पाहिजेत, असं घटनेचं कलम 151 सांगतं. संरक्षण खातं त्यातून वगळलेलं नाही. 14 ऑगस्ट 2013 ला मुंबईच्या गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट झाले आणि 18 जण गेले. त्या दुर्घटनेबद्दल कॅगने 2017 च्या अहवालात लिहिलं. 2007-08 ते 2015-16 या काळात नौदलाच्या जहाजांना आणि पाणबुड्यांना 38 अपघात झाले, हा आकडा त्याच अहवालातला. सिंधुरक्षकवरच्या खलाशांच्या थकव्याचा अंदाज नीट घेतला गेला नव्हता, हेही तिथे नोंदलेलं आहे. ज्या घरातलं पोर पाणबुडीवर जातं, त्या घराला हे कळू नये, असं कोणी कोणत्या तोंडाने म्हणावं?

माहितीच्या अधिकाराचं म्हणाल तर 2005 च्या कायद्याची दुसरी अनुसूची, म्हणजे सूट मिळालेल्या संस्थांची यादी, उघडून पाहा. सीमा सुरक्षा दल आहे, डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था आहे. भूदल, नौदल, वायुदल त्यात नाहीत. आणि जी नावं आहेत, त्यांनाही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांत सूट नाही.

'एक ओळ गुप्त तर सगळंच गुप्त' हे मात्र सर्वांत घातक, कारण ते खरं वाटतं. सुरक्षेला धोका पोचेल अशी माहिती नाकारता येते, कलम 8 मध्ये तशी तरतूद आहे, आणि ती हवीच. पण त्याच कायद्याचं कलम 10 म्हणतं, गुप्त भाग वेगळा काढता येत असेल तर तो काढून उरलेलं द्या. कारगिल आढावा समितीचा अहवाल फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेत आला तो काही भाग वगळून. राफेल विमानांच्या खरेदीवरच्या कॅगच्या 2019 च्या अहवालात किमती झाकल्या, बाकीचा अहवाल सर्वांसमोर आला.

हे सांगताना दुसरी बाजू दडवणार नाही. 1962 च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. संरक्षणावरचे अहवाल संकेतस्थळावर न टाकण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला, असं तेव्हाचे कॅग राजीव मेहर्षी यांनी 2020 मध्ये सांगितलं होतं. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. संसदेत मांडलेला कागद परक्या देशाला मिळतोच, अडतो तो हर्णैचा माणूस. पण तो निर्णय आहे, कायद्याची बंदी नव्हे.

अर्ज केलात तर 30 दिवसांत उत्तर यायला हवं. नकार आला तर कोणत्या कारणाने आणि अपील कोणाकडे करायचं, हे अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. मावशींचा अर्ज मी लिहून देतोय.