आठ लांडगे कसे चालवावेत: होतकरू ड्रुइडांच्या हिताच्या चार गोष्टी

अभिनंदन! डीअँडडी या फाशांच्या कथाखेळातला तुमचा ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे मंत्र चालवणारा गडी, पाचव्या लेव्हलला पोचला, तिसऱ्या लेव्हलचे मंत्र हातात आले, आणि आता तुम्ही हवेतून जनावरं काढू शकता. म्हणजे इथून पुढे टेबलावरच्या बाकी चार माणसांचा शनिवार तुमच्या नावावर झाला, सातबाऱ्यावर चढवून घ्या. मी गरीब डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षस हलवणारा आणि नियम बघणारा, मालवणात आमच्या ओटीवर दर दुसऱ्या शनिवारी डीअँडडी चालवतो, 2014 च्या नियमांनी. गेल्या खेपेला जे शिकलो ते तुमच्या कामी यावं म्हणून लिहितोय.

सर्वात आधी, जनावरं बोलवायचा मंत्र वाचू नका. नाव वाचा, कॉन्जर अ‍ॅनिमल्स, बास झालं. खालच्या ओळी लिहिणाऱ्याने पानं भरायला लिहिल्यात. त्यात म्हणे जनावरं 60 फुटांच्या आत, मोकळ्या आणि तुम्हाला दिसणाऱ्या जागेतच उभी राहतात. कशाला? भिंतीपलीकडच्या खोलीत उभी करा. दिसत नाही तर नाही, वासावरून कळतं म्हणा.

त्यात असंही आहे की अख्ख्या कळपाची एकच इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) टाकायची आणि त्यांची टर्न वेगळी येते. हेही सोडा. तीन लांडगे तुमच्या टर्नला हलवा, दोन त्यांच्या टर्नला, उरलेले मध्येच कुणाचं लक्ष नसताना.

सामान वाहणारी मंत्राची तरंगती थाळी असेल तर तिच्यावर स्वतः बसा आणि चल म्हणा. तुम्ही 20 फुटांच्या आत असलात तर ती जागची हलत नाही, आणि तुम्ही तर तिच्यावरच बसलाय. तरी म्हणत रहा.

हवेत तरंगून लढणारा मंत्राचा हातोडा दारात उभा करून दार अडवा. तो जीव नाही, जागा अडवत नाही, पण डीएमला तरी कुठे सगळं पाठ असतं.

अनसीन सर्व्हंटला, म्हणजे मंत्राच्या अदृश्य नोकराला, एका हुकमात 15 फूट सरकता येतं. एवढं तर आमची आजी काठी टेकत जाते. तुम्ही त्याला वरच्या मजल्यावरून किल्ली आणायला पाठवा.

आता मुख्य विषय. लांडगे. गेल्या शनिवारी पाऊस असा की कौलांवरून पागोळ्या नाही, धारा लागलेल्या, लाईट दोनदा गेलेली, आणि आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पट्टीने आखलेल्या चौकोनांवर ओगर नावाच्या आडदांड राक्षसाशी लढतोय. एक चौकोन 5 फूट. ओगर म्हणजे नारळाची करवंटी, ती 4 चौकोनांवर बसते, बरोब्बर मापाची आहे, मी कानशीने घासलीय. आमच्या ड्रुइडाने आठ लांडगे बोलावले आणि लांडगे म्हणून आठ काजूच्या बिया मांडल्या, सालीसकट. काजूची बी कशी असते तुम्हाला माहितीय, एका जागी नीट बसत नाही, डुलते. त्यात लांडग्यांवर नंबर नाहीत. मी म्हटलं पेनाने नंबर घाल, तर म्हणाला मला माहितीय कुठला कुठला ते.

लांडग्याचा वेग 40 फूट, म्हणजे 8 चौकोन. पण लढाई होती खाजणात, गुडघाभर चिखल, मी सुरुवातीलाच सांगितलेलं की अवघड जमीन आहे, एका फुटाला दोन फूट जातात, म्हणजे 4 चौकोन. चौघांनी माना डोलावल्या. ड्रुइडाचा पहिला लांडगा चालला 8 चौकोन. का? तर त्याला चार पाय असतात, चिखल त्याला अर्धाच लागतो. मी म्हटलं ओगरला दोन पाय आहेत मग त्याला दुप्पट लावू का, तर म्हणे तू पर्सनल घेतोस.

दुसरा लांडगा ओगरच्या पायांखालून गेला. आता शत्रूच्या जागेतून जायचं तर अंगाने दोन मापांचा फरक लागतो. लांडगा मिडियम, ओगर लार्ज, एकाच मापाचा फरक. पुस्तक काढून दाखवलं, मागे घेतला. मागे घेताना बोटाने बाकीच्या दोन बिया सरकल्या, मग त्या कुठे होत्या यावर दहा मिनिटं. तिसरा आधी ओगरला चिकटून होता, तो सोडून दुसऱ्या बाजूला गेला कारण तिकडून जास्त छान दिसत होतं. शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडला की शत्रूला फुकटचा एक वार मिळतो, हे टेबलावरच्या शेंबड्या पोरालाही माहितीय. पण नाही, ड्रुइड म्हणे, त्या हातोड्याला कुठे फुकटचा वार बसतो? अरे बाबा तो हातोडा आहे! हा लांडगा आहे, याला जीव आहे, 11 हिट पॉइंट आहेत, म्हणजे तेवढाच मार सोसतो, ओगरचा सोटा बसला तर बहुतेक वेळा गेलाच. बसला. गेला. मग पाच मिनिटं म्हणे तो तिथे गेलाच नव्हता.

चौथा लांडगा मित्राच्या अंगावरून जाऊन मित्राच्याच चौकोनात थांबला. जाता येतं, थांबता येत नाही. मागे घेतला.

एवढ्यात आईने घावने आणले. खाऊन झाले, ताटल्या विसळून आल्या, लांडगा नंबर पाच. आतून आवाज आला, ‘अरे, तुमचे ते कुत्रे अजून चावतत की काय?’ चावत होते ना. प्रत्येक लांडग्याला पॅक टॅक्टिक्स, शत्रूच्या शेजारी सोबती असला की दोन फासे टाकून वरचा घ्यायचा, म्हणजे सात लांडग्यांचे चौदा फासे, आणि वार लागला की ओगर आडवा पडतो का ते बघायला मी आणखी एक टाकायचा. सगळे फासे एकदम टाक म्हटलं तर नको, एकेक टाकतो, मजा येते. कुणाला येते मजा?

आणि ओगर पडला तेव्हा खरी गंमत. पडलेल्याला उठायला निम्मा वेग जातो. ओगरचे 40 पैकी 20 गेले, उरले 20, चिखलात त्याचे 2 चौकोन. मी करवंटी मोजून 2 चौकोन सरकवली. याच्यावर ड्रुइडाचं म्हणणं, एवढं काय मोजत बसतोस, वेळ जातो ना सगळ्यांचा.

वेळ जातो!

आमच्याकडे आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, फिरून चपला झिजतात, म्हणून नव्या. देवाच्या चालण्याचासुद्धा हिशोब आहे. कुठे फिरणार, कुणासाठी फिरणार, काय झिजणार, सगळं ठरलेलं. आणि तुमच्या काजूच्या बीला हिशोब नको.

हं, सल्ले राहिले. आगीचा गोळा 5 फुटांचा गडगा ओलांडतो, तेवढ्यावरून त्याला गच्चीवर चढवा. झोंबी 20 फूट चालतो आणि सांगाडा 30, दोघांनाही 40 धरा, मेलेल्यांशी कसला भेदभाव. मंत्राचं घुबड पाळलं असेल तर त्याच्या डोळ्यांनी बघताना स्वतःचे डोळे-कान बंद पडतात हे विसरा आणि दोन्हीकडे बघा.

नवे नियम आले की तक्रार करायलाही विसरू नका. 2020 ला आलेल्या समन बीस्ट या मंत्रात एकच जनावर, ते तुमच्या टर्नच्या लगेच नंतर हलतं, काही सांगितलं नाहीत तर स्वतःला वाचवत बसतं. 2024 च्या नियमांत तर आठ जनावरांचा एक कळपच करून टाकला, तुम्ही चाललात की तो 30 फूट सरकतो, संपलं. केवढा अन्याय. मी हे वाचलं तेव्हा देवाला नारळ ठेवावासा वाटला.

बरं आता जाऊदे सल्ले. तुला कळलंय ना हे तुझ्याबद्दल आहे ते? तुम्ही-आम्ही पुरे झालं. आपला फायटर, म्हणजे लढवय्या खेळणारा गडी, देवगडहून येतो. पावसात, एसटीने, पिशवीत फासे आणि कॅरेक्टर शीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून. तीन तासांत त्याच्या किती टर्न झाल्या माहितीय? दोन. पहिल्यात त्याचे दोन्ही वार चुकले, दुसऱ्यात एक लागला, आणि तिसरी यायच्या आधी त्याची शेवटची गाडी सुटायची वेळ झाली तर तू त्याला काय म्हणालास, थांब ना, एकच लांडगा राहिलाय. तो थांबला. चप्पल घालून, छत्री हातात धरून पडवीत उभा राहिला, आणि तू सातव्या बीला बोटाने इकडे ढकल, तिकडे ढकल करत बसलास, मग ती घरंगळून खाली गेली आणि तू टॉर्च मागितलास.

लांडग्याचा वेग, हिट पॉइंट, चावा, एवढं एका चिठ्ठीवर मावतं. लिहून आण. तुझी टर्न यायच्या आधी ठरव कुठे न्यायचेत. बियांवर नंबर घाल. आणि हे जमत नसेल तर त्याच मंत्रात एकच मोठं जनावर बोलवायची सोय आहे, यादीतली पहिलीच ओळ आहे रे ती, पहिलीच, तू खालच्या आठाच्या ओळीवर गेलास कारण आकडा मोठा होता.

आणि त्याला फोन कर. मी केला होता. चिडला वगैरे नाही तो, नीट बोलला, पण पुढच्या खेपेला जमेल असं वाटत नाही म्हणाला.