लेबनॉनवरून अमेरिकेत आणीबाणी: फिरणाऱ्या मेसेजमध्ये खरं किती?

जुलै संपत आला की एक मेसेज फिरायला लागतो: ‘अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी लेबनॉनवरून राष्ट्रीय आणीबाणी वर्षभरासाठी वाढवली. युद्धाची तयारी सुरू. नागरिकांचे हक्क स्थगित. संसदेला अंधारात ठेवून निर्णय. आपली मुलं तिकडे आहेत, सावध राहा.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे. त्याच्या आडोशाने बाकीची चारही खपतात.

आधी युद्धाचं बघू. ही आणीबाणी धाकट्या बुश यांनी 1 ऑगस्ट 2007 रोजी जाहीर केली. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांची हत्या होऊन अडीच वर्षं झाली होती, आणि पंतप्रधान सिनिओरा यांचं सरकार सीरियाधार्जिण्या विरोधकांशी झुंजत होतं. लेबनॉनचं सार्वभौमत्व आणि लोकशाही संस्था पोखरणाऱ्यांची अमेरिकेच्या अखत्यारीतली मालमत्ता गोठवायची, एवढंच त्या आदेशाचं काम. पुढे ओबामा, ट्रम्प, बायडेन आणि पुन्हा ट्रम्प, सगळ्यांनी तिला दरवर्षी मुदतवाढ दिली. मजकूरही जवळपास तोच असतो: इराणकडून हिजबुल्ला या लेबनॉनमधल्या सशस्त्र संघटनेला मिळणारी शस्त्रं, त्यामुळे लेबनॉनच्या सार्वभौमत्वाला बसणारा धक्का, आणि म्हणून 1 ऑगस्टनंतरही आणीबाणी चालू. मुदतवाढ म्हणजे युद्ध, असं असतं तर आतापर्यंत डझनभर स्वाऱ्या व्हायला हव्या होत्या.

शिवाय आणीबाणी जाहीर झाली म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या हाती सगळे अधिकार आपोआप येत नाहीत. कोणत्या कायद्यातले अधिकार वापरणार, ते त्यांना नाव घेऊन सांगावं लागतं. लेबनॉनच्या आदेशाचा पाया 1977 चा आर्थिक अधिकारांचा कायदा आहे. सैन्य धाडायची परवानगी त्यात नाही.

कधीकधी आणीबाणीमागून युद्ध आलंय, हे मान्य. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकच्या सद्दामने कुवेत गिळलं, त्याच दिवशी आणीबाणी जाहीर झाली आणि जानेवारीत बॉम्ब पडू लागले. पण युद्धाचं कारण कुवेत होतं. 2003 मध्ये तर क्रम नेमका उलटा होता. मार्चमध्ये चढाई झाली आणि इराकवरची नवी आणीबाणी 22 मे रोजी आली. तीही इराकच्या तेलाचा पैसा जुन्या घेणेकऱ्यांच्या जप्तीपासून वाचवायला!

आता हक्कांचं. आपल्याकडे ज्यांनी 1975 पाहिलंय त्यांना ‘आणीबाणी’ म्हटलं की मिसाखालची अटक, सेन्सॉर आणि येरवड्याचा तुरुंग आठवणारच. तिथला हा 1977 चा कायदा मात्र खासगी पत्रव्यवहार, पुस्तकं, चित्रपट यांना हात लावायची मुभाच राष्ट्राध्यक्षांना देत नाही. झळ लागते ती अमेरिकी अर्थखात्याच्या निर्बंधांच्या यादीत नाव चढलेल्यांना, आणि कधीमधी त्यांच्या नामसाधर्म्याच्या माणसांना. मुंबईहून बैरुतला डॉलर पाठवायचे तर व्यवहार बहुधा न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेतून जातो. तिथे पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव त्या यादीशी ताडतात. नाव जुळल्यासारखं दिसलं तर पैसे मध्येच अडकतात, मग जन्मतारीख द्या, पासपोर्टची प्रत द्या, पैसे कशाचे ते सांगा. नोकरी-शिक्षणासाठी न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलांचा याच्याशी सुतराम संबंध नाही.

‘अंधारात ठेवून’ हा आरोप तर साफ उलटा आहे. 1973 मध्ये सिनेटच्या समितीने धुंडाळलं तेव्हा कळलं, की रूझवेल्टची 1933 ची आणि ट्रूमनची 1950 ची आणीबाणी अजून जिवंतच होती, कोणी बंदच केली नव्हती. म्हणून 1976 मध्ये कायदा झाला. वर्षपूर्तीआधीच्या 90 दिवसांत सरकारी राजपत्रात सूचना छापायची आणि संसदेला कळवायचं, नाहीतर आणीबाणी आपोआप संपते. मेसेज फिरतो ती बातमी म्हणजे हीच सूचना. कायद्याने छापायलाच लावलेली.

खरी खोट वेगळीच आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती दिसलेलीच नाही. दर सहा महिन्यांनी संसदेने आणीबाणी चालू ठेवायची की नाही याचा विचार करावा, असं कायदा म्हणतो. ते जवळपास कागदावरच राहिलं. संसदेने ठराव केला तरी राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात. 2019 मध्ये मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठीच्या आणीबाणीच्या वेळी ट्रम्प यांनी तेच केलं. इराणवरची आणीबाणी नोव्हेंबर 1979 मध्ये, तेहरानच्या अमेरिकी दूतावासातलं ओलीसनाट्य सुरू झाल्यावर दहा दिवसांनी, जाहीर झाली आणि अजून चालू आहे. 1976 च्या कायद्याला नेमकं हेच थांबवायचं होतं. सीरियावरची 2004 ची आणीबाणी मात्र ट्रम्प यांनी 30 जून 2025 च्या आदेशाने संपवली. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

आणि सावधच राहायचं तर ते भलत्याच कागदाबद्दल. ऑगस्ट 2025 मध्ये रशियन तेलाच्या खरेदीवरून भारतीय मालावर जादा 25 टक्के शुल्क बसलं, ते रशियावरच्या 2021 पासून चालत आलेल्या आणीबाणीचा आणि याच 1977 च्या कायद्याचा आधार घेऊन. 27 ऑगस्टपासून फेब्रुवारी 2026 पर्यंत ते लागू होतं आणि अंधेरीच्या सिप्झ निर्यात क्षेत्रातून अमेरिकेला जाणारे दागिनेही त्याच्या तडाख्यात आले. लेबनॉनच्या सूचनेत भारताचं नावही नसतं.