पंख्याचा कंडेन्सर

गेल्या शनिवारी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका अनोळखी काकांनी चारचौघांत माझी अक्कल काढली. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

घरी माझे स्वतःचे दोन स्पीकर आहेत, 18 मिलिमीटरच्या प्लायचे. खोकी करणारा सुतार शेवटपर्यंत विचारत होता, "याला खण किती?" त्यातल्या वूफरची फोमची कड यंदा झडली. बोट लावलं की शिळ्या केकसारखा भुगा. रबरी कडेचे नवे साडेसहा इंची वूफर आणले, आणि वूफर बदलला म्हणून क्रॉसओव्हर बदलणं आलं. जाड आवाज वूफरला, बारीक ट्वीटरला अशी वाटणी करणारा तलाठी म्हणजे क्रॉसओव्हर. वारस बदलले की सात-बारा नव्याने काढावा लागतो. तीन रात्री आकडेमोड केली. 8 ओहमचे स्पीकर, वाटणीची हद्द 3000 हर्ट्झवर, हद्दीपलीकडे आवाजाला दर सप्तकामागे 12 डेसिबलचा उतार. निघालं काय, तर प्रत्येक खोक्यात 0.85 मिलिहेन्रीच्या दोन कॉइली आणि 3.3 मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर, म्हणजे बाजारच्या भाषेत कंडेन्सर. कॉइली घरीच गुंडाळल्या. कॅपॅसिटर आणायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "त्या गल्लीत जातोच आहेस तर बेडरूमच्या पंख्याचाही आण. महिनाभर रांगतोय."

हो म्हणालो.

दुकानदाराने परदेशी कॅपॅसिटर काढून दिला. एकाचे 850 रुपये. मी तो उजेडात धरून, गरजेपेक्षा जरा मोठ्या आवाजात, याचा लॉस किती वगैरे विचारू लागलो. शेजारी हे काका उभे होते. पांढरा लेंगा, हातात सुतळीने बांधलेला पंख्याचा गोळा.

"कशाला हवाय?"

"स्पीकरला."

"स्पीकरला कंडेन्सर? सुरू होत नाही का?"

मागे प्रोजेक्टचं सामान घ्यायला आलेला एक कॉलेजकुमार होता, तो हसला. मी समजावलं, की ट्वीटरकडे जाड आवाज जाऊ नये म्हणून अडवायचा असतो.

"मग कंडेन्सर अडवतोच. अडीचचा हवाय का तीन-पंधराचा?"

"3.3."

"तीन-तीन असला काही नसतोच." आणि दुकानदाराकडे न बघता, "यांना तीन-पंधरा दे रे."

काउंटरवर पांढऱ्या प्लास्टिकची, दोन वायरी लोंबणारी डबी आली. 45 रुपये.

"काका, हा पंख्याचा आहे."

"मग? त्याला कुठे माहितेय?"

याला उत्तर नसतं. तरी मी 3.3 आणि 3.15 मधला फरक काढला. काका म्हणाले, "तुमच्या साडेआठशेवाल्यावर किती टक्के इकडेतिकडे लिहिलंय?" लिहिलं होतं पाच. डबीवरही पाच. फरक साडेचार टक्क्यांचा. "आत काय भरलंय?" दुकानदाराने, ज्याची काही गरज नव्हती, चष्मा लावून दोन्हींवरचं मोठ्याने वाचलं. दोन्हीत पॉलिप्रोपिलीन.

"हा 440 व्होल्ट एसी करंटचा माल. उन्हाळाभर दिवसरात्र छताला लटकतो. तुमचा काय करणार? गाणी ऐकणार."

"आवाजात फरक पडतो, काका."

"कुणाच्या?"

कॉलेजकुमार आता उघड हसत होता. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इंजिनिअर का?"

"हो."

"तरीच."

माघार कशी घ्यायची? इभ्रतीसाठी दोन परदेशी घेतले आणि काकांना तोंडावर पाडायला दोन पंख्याचे. बिल 1790. बाहेर आलो तर स्कूटर उचलून नेलेली. तो विषय काढत नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे. मला वूफर बदलायचेच नव्हते. कोन, कॉइल, चुंबक सगळं ठणठणीत होतं, गेलं होतं ते वीतभर फोमचं कडं. चार दुकानं फिरलो. चौघांनीही वस्तू हातात न घेता सांगितलं, "नवा घ्या." तांब्याची तार मागितली तर "अ‍ॅल्युमिनियम चालेल का, सेमच आहे." हजारांतलं सगळं मिळतं, पन्नास रुपयांतलं नेमकं मिळत नाही. पंख्याचा कंडेन्सर सोडून, अर्थात.

रात्री डाव्या खोक्यात परदेशी लावले, उजव्यात पंख्याचे. दोन्हीकडे आलटूनपालटून एकच गाणं लावलं, आणि अहाहा! उजवीकडे गायिकेचा आवाज मधोमध बसलेला, जणू बाई शेजारच्या फ्लॅटमधून गातायत. इतका आनंद मला आवाज चांगला आल्यावरही कधी झाला नव्हता. काकांना काय काय ऐकवायचं त्याची मनात उजळणी सुरू केली. तिसऱ्या वाक्याला आठवलं, की 12 डेसिबलच्या या जोडणीत ट्वीटर उलटा जोडायचा असतो. नाहीतर वाटणीच्या हद्दीवर एक आत ओढतो तेव्हा दुसरा बाहेर ढकलतो, आणि मधला आवाज दोघांत खलास होतो. डावीकडे मी उलटा जोडला होता. उजवीकडे, काकांच्या रागात, सुलटा.

वायरी फिरवल्या. बाई घरी परत आल्या.

मग मुलाला डोळे मिटून बसवलं आणि विचारलं, महागाचा कुठला? पहिल्यांदा म्हणाला उजवा. दुसऱ्यांदा म्हणाला दोन्ही. तिसऱ्यांदा म्हणाला, "बाबा, हे संपणार कधी?"

आवाज ऐकून बायको आली. "पंख्याचा आणलास?"

"आणले ना. दोन."

"कुठायत?"

मी उजव्या स्पीकरकडे बोट दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "बरं. मग तो महागातला पंख्याला लाव."

"नाही चालणार. पंख्यातल्या एसी करंटला तो टिकणार नाही, फुटेल."

ती जरा वेळ उभी राहिली. "म्हणजे पंख्याचा तुझ्या गाण्यांना चालतो, आणि तुझा साडेआठशेचा पंख्याला चालत नाही."

पंखा अजून रांगतोय. या शनिवारी पुन्हा त्याच दुकानात जायचंय. काका साधारण किती वाजता येतात, ते आधी फोन करून विचारणार आहे.