यंत्र आलं की धीर असा द्यावा

गावातल्या माणसाचं काम यंत्राने नेलं की त्याची समजूत काढायला कुणीतरी शहाणं माणूस लागतंच. ते तुम्हीच व्हा. अर्थशास्त्र वाचलेलं नसलं तरी चालेल, पगार एक तारखेला बँकेत जमा होत असला की पुरे.

सुरुवात इंग्लंडपासून करावी. लांबचं उदाहरण झोंबत नाही. यंत्रमाग आले, कापड स्वस्त झालं, पुढे मजुरीही वाढली, हे ठणकावून सांगा. पुढे म्हणजे कधी, असं कुणी विचारलंच तर खोकला काढावा. कारण उत्पादन वाढत होतं तरी 1840 च्या आसपासपर्यंत तिथली मजुरी फारशी हलली नव्हती, आणि हातमागवाल्यांची घसरलेली कमाई तर पुन्हा वर आलीच नाही, धंदाच बुडाला. 1812 मध्ये पार्लमेंटने मोजे विणायची यंत्रं फोडणाऱ्यांना फाशी ठरवली, हा विषय काढूच नका.

मग मालवणच्या किनाऱ्यावर, रापणीच्या मासेमारीकडे या. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, आणि दोन्हीकडचे दोर धरून माणसं वाळूत टाचा रोवत मागे मागे सरकतात. दोराला हात लावला त्याला वाटा. म्हातारा असो, शाळकरी पोर असो. एवढ्याशा बांगड्यामागे किती हात! पर्ससीनवाला, म्हणजे बटव्यासारखं आवळायचं मोठं जाळं टाकणारा बोटवाला, आवाजाच्या लहरींनी मासे शोधणाऱ्या सोनार यंत्रावर थवा हुडकतो, विंचने म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने जाळं ओढतो आणि मोजक्या खलाशांत काम उरकतो. विंच वाटा मागत नाही. त्याचा वाटा मालकाला जातो, उरलेला कर्जाच्या हप्त्याला. राज्य सरकारने 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर बंदी आणली. तरी रात्री समुद्रात लखलखाट दिसला तर दिवाळी समजावी.

रापणकर तरीही गप्प बसला नाही तर मुंबई काढा. गिरण्यांनी कोकणातल्या हजारो घरांना पोसलं, मनीऑर्डरीवर इथली छपरं शाकारली गेली. हे अगदी खरं आहे, म्हणून आवाज चढवून सांगा. 1982 च्या संपापर्यंत आलात की थांबा. त्याच्या घरातलाच कुणीतरी तेव्हा बिऱ्हाड गुंडाळून परतलेला असतो, आणि तेच कापड भिवंडीच्या यंत्रमागावर कमी मजुरीत निघतं, हे त्याला तुमच्याहून जास्त ठाऊक असतं.

"पुढे सगळा बरा होतला, पण मगे तवसर खावचा काय?" असं तो विचारील. इथे पर्यटन काढावं. पाहुण्यांना रापण ओढायचा अनुभव द्या म्हणावं, माणशी दर लावून. ते दोर धरून फोटो काढतील. दोराला हात लावला म्हणून त्यांनी वाटा मागितला, तर जाळ्यात काही आलं असल्यास तोही द्यावा.