गॅरेथ इव्हान्स ‘भयपटाकडे वळला’ म्हणे!

भयपटांच्या गप्पांत एक मजकूर सतत पुढे ढकलला जातोय. त्याचा सारांश असा: वेल्सचा दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स हा मुळात मारामारीपटांचा माणूस. ‘द रेड’चं यश इंडोनेशियातल्या लढवय्यांचं. घरी परतल्यावर काही सुचेना, म्हणून ‘अपॉसल’ काढून भयपटाकडे वळला आणि संपला. ‘गॉडझिला’ची वाट तर त्याने आधीच लावली होती.

‘वळला’ म्हणायलाच मुळात जागा नाही. ‘अपॉसल’ 2018चा. त्याच्या पाच वर्षं आधी, ‘द रेड’ आणि ‘द रेड 2’च्या मधल्या काळात, त्याने इंडोनेशियन दिग्दर्शक तिमो त्जाह्यान्तोबरोबर ‘सेफ हेवन’ केला. ‘व्ही/एच/एस/2’ या भयकथांच्या गुच्छातली ही एक गोष्ट. माहितीपट करणारी मंडळी कॅमेरे घेऊन इंडोनेशियातल्या एका पंथाच्या आवारात शिरतात, आणि पुढचं जेवताना बघू नये. खुद्द 2011च्या ‘द रेड’मध्ये काय आहे? नायक भिंतीआड श्वास रोखून बसलाय, पलीकडून कोयता भिंतीत खुपसला जातो, पातं गाल चिरतं, आणि ते मागे ओढलं जाताना तो त्यावरचं रक्त पुसून घेतो. याला मारामारी कोण म्हणेल?

लढवय्यांचा मुद्दा मात्र अर्धा खरा. इको उवाइस आणि यायान रुहियान नसते तर ‘द रेड’ झालाच नसता. पण पेन्चाक सिलाट या इंडोनेशियन युद्धकलेवर माहितीपट करायला गेलेल्या इव्हान्सनेच इकोला हेरलं आणि 2009मध्ये ‘मेरान्ताउ’चा नायक केलं. मग मोठ्या तुरुंगपटासाठी पैसे उभे राहिनात, तेव्हा एका इमारतीत भागेल अशी गोष्ट त्याने लिहिली. तीच ‘द रेड’. लेखन, दिग्दर्शन, संकलन सगळं त्याचंच.

आता ‘अपॉसल’. काळ 1905चा. पळवून नेलेल्या बहिणीला सोडवायला एक भाऊ एका पंथाच्या बेटावर जातो. चित्रीकरण वेल्समध्येच, आणि पंथाचा प्रेषित झालाय न्यूपोर्टचा मायकल शीन. सुरुवात संथ आहे, हे मान्य. पण गाभा बघा: बेटावरची देवी खरी आहे, आणि पीक यावं म्हणून माणसांनीच तिला बांधून ठेवलंय, रक्त पाजून राबवलंय. भीती देवीची वाटत नाही, तिच्या भक्तांची वाटते. नेटफ्लिक्सवर हा चित्रपट आला 12 ऑक्टोबर 2018 रोजी, नेमका त्याच दिवशी आपल्याकडे ‘तुंबाड’ लागला. ‘तुंबाड’मधला हस्तर आणि ही देवी यांचा संबंध काहीच नाही, पण हाव आणि दैवत यांची सांगड दोन्हीकडे आहे. ‘तुंबाड’ डोक्यावर घेणाऱ्यांनी ‘अपॉसल’ला ‘फसलेला प्रयोग’ म्हणावं, याची गंमत वाटते.

संपला म्हणावं, तर 2020मध्ये त्याची ‘गँग्ज ऑफ लंडन’ ही मालिका आली. तिचा पाचवा भाग बघा, शेतघराला घातलेला वेढा. त्याचा 2025चा चित्रपट ‘हॅवॉक’ मलाही फिका वाटला. चित्रीकरण 2021चं, प्रदर्शन चार वर्षांनी.

राहिला 2014चा ‘गॉडझिला’. तो गॅरेथ एडवर्ड्सचा. हा दुसरा गॅरेथ इंग्लंडमधल्या नन्ईटनचा, आणि वाट लावल्याची तक्रार असेलच तर ती तिकडे पाठवा.